फिल्मवर छायाचित्रण: आधी रोल धुणारा शोधा, कॅमेरा नंतर

जून २००९ मध्ये कोडॅकने कोडाक्रोम ही आपली प्रसिद्ध रंगीत फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. कारखान्यातून निघालेला तिचा अखेरचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला आणि त्यातली काही चित्रे त्यांनी मुंबईत व राजस्थानात काढली. तो धुण्यासाठी मात्र अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील पार्सन्स हे छोटे गाव गाठावे लागले, कारण कोडाक्रोमला लागणारी के-१४ प्रक्रिया करणारी ‘ड्वेन्स फोटो’ ही जगातली एकमेव प्रयोगशाळा तिथे उरली होती. ३० डिसेंबर २०१० ही तिने कोडाक्रोम स्वीकारण्याची शेवटची तारीख ठरवली. त्यानंतर लोकांनी फ्रिजमध्ये जपून ठेवलेले कोडाक्रोमचे रोल रंगीत चित्रांच्या दृष्टीने निकामी झाले. फिल्म होती, कॅमेरे होते, हौस होती, पण धुणारे कोणी नव्हते.

फिल्मवर छायाचित्रण करू पाहणारे नवे लोक बहुधा याच्या उलट टोकाकडून सुरुवात करतात. घरच्या कपाटात वडिलांचा यशिका किंवा आजोबांचा आग्फा क्लिक-थ्री सापडतो, नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात एखाद्या पेंटॅक्सचा सौदा जमतो. मग रोलची शोधाशोध सुरू होते आणि ३६ चित्रे काढून झाल्यावर हा रोल धुवायला टाकायचा कुठे, असा प्रश्न उभा राहतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा प्रश्न पडत नसे, कारण नाक्यावरच्या स्टुडिओत रोलही मिळे, तो धुऊनही मिळे आणि कॅमेरा अडकला तर तिथलाच माणूस तो सोडवूनही देई. आता ही कामे वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या माणसांकडे गेलेली आहेत. म्हणून पुढे क्रम मुद्दाम फिरवला आहे: प्रथम प्रयोगशाळा, मग फिल्म, मग रसायने, मग सोबतीची माणसे आणि कॅमेरा सर्वांत शेवटी. महाराष्ट्रात राहून हा छंद करणारा वाचक डोळ्यांसमोर आहे. त्यातही मुंबई-पुण्याबाहेर राहणारा, कारण अडचणी त्यालाच जास्त येतात.

प्रयोगशाळेची पारख

प्रयोगशाळेला पहिला प्रश्न विचारायचा तो प्रक्रियेचा. रंगीत निगेटिव्ह फिल्म सी-४१ या प्रक्रियेने धुतली जाते, रंगीत स्लाइड फिल्मला ई-६ लागते, सिनेमाच्या रंगीत निगेटिव्हला ईसीएन-२ लागते आणि कृष्णधवल फिल्मचे स्वतंत्र शास्त्र आहे. “आम्ही सगळे रोल धुतो” हे उत्तर समाधानकारक मानू नये. कोणती प्रक्रिया स्वतःच्या जागेत होते आणि कोणते रोल दुसऱ्या शहरात पाठवले जातात, हे स्पष्ट विचारावे. बाहेर पाठवणे हा दोष नव्हे, पण ते माहीत असलेले बरे, कारण रोल हरवला किंवा बिघडला तर जबाबदारी कोणाची याचे उत्तर आधीच मिळालेले असते.

दुसरा प्रश्न वारांचा. सी-४१ मध्ये डेव्हलपरचे, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचे, तापमान ३७.८ अंश सेल्सियस आणि वेळ ३ मिनिटे १५ सेकंद असावी लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रसायने ताजी असावी लागतात. यंत्रातून दररोज पुरेसे रोल गेले तर रसायनांची भरपाई होत राहते. आठवड्याला पाच-सहा रोल आले तर तीच रसायने टाकीत पडून हवेशी संयोग पावतात आणि रंग बिघडतात. त्यामुळे “आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, साठलेले रोल एकत्र धुतो” असे सांगणारी छोटी प्रयोगशाळा मला “केव्हाही या, तासाभरात देतो” म्हणणाऱ्या दुकानापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. घाई असलेल्या माणसाने या छंदाकडे वळण्याआधी थोडा विचार करावा, असेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

तिसरी चौकशी निगेटिव्हची. अनेक ठिकाणी स्कॅन केलेली चित्रे पाठवली की काम संपले असे धरले जाते आणि मागितल्याशिवाय निगेटिव्ह परत मिळत नाहीत. काही ठिकाणी ती ठरावीक दिवसांनी टाकूनही दिली जातात. स्कॅन पुन्हा करता येतो, निगेटिव्ह पुन्हा मिळत नाही. तेव्हा रोल देतानाच “निगेटिव्ह परत हवी, सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापून, पारदर्शक पिशव्यांत, गुंडाळी न करता” असे पावतीवर लिहून घ्यावे. स्कॅनचा आकारही त्याच वेळी ठरवावा. सुमारे ३००० गुणिले २००० बिंदूंचे चित्र पोस्टकार्डाएवढ्या छपाईला आणि पडद्यावर पाहायला भरपूर होते. मोठी छपाई करायची असेल तर मोठा स्कॅन मागावा, त्याचे पैसे वेगळे पडतात. फुजीचे फ्रंटियर आणि नोरित्सू ही प्रयोगशाळांतली नेहमीची स्कॅनयंत्रे असून दोघांच्या रंगांची ठेवण थोडी वेगळी असते, त्यामुळे प्रयोगशाळा बदलल्यावर रंग बदललेले दिसले तर दोष लगेच फिल्मला देऊ नये.

पहिला रोल परीक्षेचा समजावा. लग्नाचा, बारशाचा किंवा हिमालयातला रोल नव्या प्रयोगशाळेला कधीही देऊ नये. स्वस्तातला एक रोल घराभोवती, वेगवेगळ्या उजेडात काढून द्यावा आणि परत आलेली निगेटिव्ह खिडकीपाशी, मागे पांढरा कागद धरून, नीट पाहावी. चित्रांकडे जाण्याआधी कडेची अक्षरे वाचावीत. फिल्मचे नाव आणि चित्रांचे क्रमांक कारखान्यातच कडेवर प्रकाशाने उमटवलेले असतात, म्हणजे त्यांचा तुमच्या कॅमेऱ्याशी किंवा मोजलेल्या उजेडाशी काही संबंध नसतो. ही अक्षरे ठसठशीत असतील आणि चित्रे मात्र फिकी, तर धुणे बरोबर झाले आहे आणि प्रकाश तुम्ही कमी दिला आहे. अक्षरेही पुसट असतील तर डेव्हलपर थकलेला, थंड किंवा अपुरा वेळ दिलेला होता. लांबीच्या दिशेने जाणारी सरळ रेघ कॅमेऱ्यातही पडू शकते आणि यंत्रातही. दोन वेगळ्या कॅमेऱ्यांच्या रोलवर ती त्याच जागी दिसली तर मात्र यंत्राकडे बोट दाखवता येते. कृष्णधवल निगेटिव्हवर दुधी, धुरकट झाक असेल तर फिक्सर, म्हणजे उमटलेले चित्र पक्के करणारे रसायन, कमी पडला आहे आणि तो रोल पुन्हा फिक्सरमध्ये घालून वाचवता येतो.

कृष्णधवल रोल देताना एक धोका विशेष लक्षात ठेवावा. नेहमीची कृष्णधवल फिल्म चुकून सी-४१ यंत्रात गेली तर तिच्यातली चांदीची प्रतिमा ब्लीच आणि फिक्सर मिळून काढून टाकतात आणि हाती कोरी पट्टी येते. रोलच्या डबीवर मोठ्या अक्षरांत “कृष्णधवल, सी-४१ नाही” असे लिहून चिकटवणे हा साधा उपाय आहे. जवळच्या शहरात फक्त सी-४१ची सोय असेल आणि तरीही कृष्णधवल काढायचे असेल, तर इल्फर्डची एक्सपी२ सुपर वापरावी. ती सी-४१ मध्येच धुतली जाते.

नांदेड, रत्नागिरी किंवा चंद्रपूरहून रोल कुरिअरनेच पाठवावे लागतात. प्रत्येक रोलला क्रमांक देऊन तीच यादी स्वतःजवळ ठेवावी, रोल घट्ट झाकणाच्या डबीत घालावेत आणि पाकीट सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असे पाहावे. शुक्रवारी दिलेले पाकीट शनिवार-रविवार गोदामात पडून राहते, आणि एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या गोदामात काय तापमान असते ते सांगायला नको. काढून झालेला रोल न काढलेल्या रोलपेक्षा नाजूक असतो. धुण्याआधीची सुप्त प्रतिमा उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू विरते. म्हणून “पाच रोल साठू देत, मग पाठवू” हा हिशेब हिवाळ्यात चालेल, उन्हाळ्यात नाही.

फिल्म कुठून येते आणि कशी घ्यावी

भारतातही एके काळी फिल्म तयार होत होती. तमिळनाडूतील उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचे ‘इंदू’ नावाचे कृष्णधवल रोल आणि कागद जुन्या स्टुडिओवाल्यांना आजही आठवतात. ती कंपनी बंद पडली आणि आता आपण परदेशातल्या मोजक्या कारखान्यांवर अवलंबून आहोत. कोडॅकची फिल्म न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये बनते. २०१२ मध्ये ईस्टमन कोडॅकने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. २०१३ मध्ये त्यातून बाहेर पडताना छायाचित्रणाच्या फिल्मची विक्री कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेली, उत्पादन मात्र रॉचेस्टरलाच राहिले. इल्फर्ड २००४ मध्ये डबघाईला आली, तेव्हा तिच्याच व्यवस्थापकांनी पुढच्या वर्षी कृष्णधवलचा व्यवसाय विकत घेऊन हार्मन टेक्नॉलॉजी या नावाने इंग्लंडमधल्या मॉबर्ली येथे तो चालू ठेवला; २०२३च्या डिसेंबरात तर हार्मनने फिनिक्स २०० ही स्वतःची रंगीत फिल्मही आणली. चेक प्रजासत्ताकातली फोमा ही १९२१ पासूनची कंपनी फोमापॅन बनवते आणि किमतीच्या बाबतीत ती विद्यार्थ्यांचा जुना आधार आहे. जपानच्या फुजीफिल्मचा भरवसा थोडा कमी धरावा. २०१८ मध्ये तिने अ‍ॅक्रॉस १०० ही कृष्णधवल फिल्म बंद केली आणि २०१९ मध्ये अ‍ॅक्रॉस २ म्हणून परत आणली. उलट दिशेचेही उदाहरण आहे: कोडॅकने २०१२ मध्ये बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म २०१८ मध्ये बाजारात परतली.

या सगळ्याचा खरेदीवर होणारा परिणाम असा. आपल्याकडचा माल आयातदारामार्फत खेपेखेपेने येतो, त्यावर डॉलरचा भाव, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतात, आणि एक खेप संपली की पुढची कधी येईल याचा नेम नसतो. तेव्हा दर महिन्याला नवी फिल्म चाखत बसण्यापेक्षा एक कृष्णधवल आणि एक रंगीत फिल्म ठरवून, एकाच खेपेतले काही रोल एकदम घेऊन ठेवावेत. डबीवरची मुदत आणि खेपेचा क्रमांक पाहूनच पैसे द्यावेत. मुंबईत फोर्ट आणि बोराबाजार परिसरातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत समोरासमोर पाहून घेता येते. इतरांनी ऑनलाइन विक्रेत्याकडे मुदतीच्या तारखेचा फोटो मागावा. ही मागणी अवाजवी नाही आणि चांगले विक्रेते तो न कुरकुरता पाठवतात.

सुरुवात कृष्णधवल फिल्मने करावी असे माझे स्पष्ट मत आहे. रंगीत फिल्म वाईट आहे असे नाही, पण कृष्णधवल रोल घरच्या स्वयंपाकघरात धुता येतो आणि त्यामुळे साखळीतला सर्वांत कच्चा दुवा आपल्या हातात येतो. इल्फर्डची एचपी५ प्लस चुका पोटात घालते. त्याच कारखान्यातली केंटमियर ४०० तुलनेने स्वस्त पडते. फोमापॅन ४०० मात्र डबीवर लिहिलेल्या वेगाला (आयएसओ आकड्याला) सावल्या रित्या ठेवते. ती २०० किंवा २५० धरून काढली तर चांगली वागते, असा अनेकांचा अनुभव आहे.

स्वस्त रंगीत रोल म्हणून सिनेमाची फिल्म छोट्या कॅसेटमध्ये भरून विकणारे विक्रेतेही बरेच आहेत. कोडॅकची व्हिजन३ ही उत्तम फिल्म आहे, पण तिच्या २०२५ पर्यंतच्या मालाच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा कार्बनचा थर असतो. तो सी-४१ यंत्रात गेला तर रसायने घाण होतात आणि पुढच्या माणसाचे रोलही खराब होतात, म्हणून प्रयोगशाळा असे रोल नाकारतात आणि ते बरोबरच आहे. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: थर काढलेला आहे का, आणि हा रोल कोणत्या प्रक्रियेने धुवायचा. उत्तर देताना तो चाचरला तर रोल घेऊ नये. सिनेस्टिल ८००टी ही फिल्म याच जातीची, थर आधीच काढलेली. त्या थराअभावीच तिच्यात रस्त्यावरच्या दिव्यांभोवती तांबूस वलये दिसतात.

मुदत संपलेल्या रोलांचा बाजारही तेजीत आहे. रंगीत निगेटिव्हसाठी दर दहा वर्षांना एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश द्यावा असा ढोबळ नियम सांगितला जातो, पण तो थंड देशांत, फ्रिजमध्ये राहिलेल्या फिल्मला धरून आहे. बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर वीस उन्हाळे काढलेल्या रोलला कोणताच नियम लागू होत नाही. असा रोल प्रयोगासाठी घ्यावा आणि किंमतही प्रयोगाचीच द्यावी.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून फिल्म मागवण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. न्यूयॉर्कचे बी अँड एच किंवा बर्लिनचे फोटोइम्पेक्स अशा दुकानांतून रोल घेऊन ते कोणाबरोबर येत असतील तर त्यांना एवढेच बजावावे की रोल मोठ्या बॅगेत मुळीच ठेवू नयेत. त्या बॅगांची क्ष-किरण तपासणी फार तीव्र असते. हातातल्या सामानाचीही नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांतून होणारी तपासणी फिल्मवर धुके आणू शकते. रोल खोक्यातून काढून पारदर्शक पिशवीत ठेवावेत आणि सुरक्षा कर्मचाऱ्याला हाताने तपासण्याची नम्र विनंती करावी. विनंती मान्य होईलच असे नाही, म्हणून रांगेत थोडे आधी उभे राहावे. घरी आल्यावर रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि वापरायच्या वेळी डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर ठेवावी. पावसाळ्यात ही काळजी घेतली नाही तर थंड फिल्मवर दव धरते.

रसायने

तयार डेव्हलपर मिळत असेल तर घ्यावा, पण तो नसला तर हात बांधून बसण्याचे कारण नाही. द्रवरूप रसायने कुरिअरवाले सहसा नाकारतात, पुडीतली भुकटी मात्र सहज येते. शिवाय डी-७६ हा शंभर वर्षांच्या घरात आलेला डेव्हलपर सुट्या रसायनांपासून घरीही बनतो. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम लागतात. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत हे सर्व मिळते. मुंबईत अशा दुकानांसाठी प्रिन्सेस स्ट्रीट प्रसिद्ध आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयांना माल देणारा एखादा पुरवठादार असतोच. सुमारे ७५० मिलिलिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवून त्यात आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, ते पूर्ण विरघळल्यावर उरलेले सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन आणि शेवटी बोरॅक्स घालावे व थंड पाण्याने लिटर पुरे करावे. क्रम मोडू नये, कारण सल्फाइट आधी सगळे पडले तर मेटॉल विरघळता विरघळत नाही. मेटॉलने काहींच्या हातांना पुरळ उठते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत, भुकटी हाताळताना नाकातोंडाला फडके बांधावे आणि भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून कायमची वेगळी ठेवावीत.

आपल्या हवेत खरी अडचण तापमानाची असते. एचपी५ प्लस फिल्म डी-७६ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटे धुवावी, असे इल्फर्डच्या माहितीपत्रकात दिलेले असते. पण मे महिन्यात पुण्याच्या नळाचे पाणीदेखील २० अंशांना मिळत नाही. २४ अंशांवर धुतले तर मूळ द्रावणाची वेळ पाच मिनिटांपर्यंत खाली येते आणि इतक्या कमी वेळात धुणे असमान होण्याचा धोका असतो. त्यापेक्षा डेव्हलपरमध्ये तितकेच पाणी मिसळावे. मग २० अंशांना ११ मिनिटे लागतात आणि २४ अंशांना साडेसातच्या आसपास. द्रावण थंड करण्यासाठी बर्फ थेट टाकू नये, घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून सोडावा. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांच्या तापमानांत फार अंतर नसावे, नाहीतर जिलेटिनचा थर सुरकुततो.

फिक्सर शिल्लक आहे की संपला हे पाहण्यासाठी रोलच्या सुरुवातीचा कापलेला तुकडा उजेडातच त्यात टाकावा आणि तो पूर्ण पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. त्याच्या दुप्पट वेळ रोल फिक्सरमध्ये ठेवावा. हा वेळ ताज्या फिक्सरच्या दुप्पट झाला की फिक्सर बदलावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतू नये. क्ष-किरण विभागांतला वापरलेला हायपो (फिक्सर) चांदी काढण्यासाठी विकत घेणारे लोक मोठ्या शहरांत असतात. जवळच्या रुग्णालयात किंवा निदान केंद्रात चौकशी केली तर त्यांचा पत्ता लागतो. ते हौशी माणसाच्या दोन बाटल्यांसाठी येणार नाहीत, पण चार-पाच जणांनी मिळून एक कॅन भरला तर गोष्ट वेगळी.

सोबतीची माणसे

इथे मंडळींचा प्रश्न येतो. मुंबईत छायाचित्रकारांच्या संघटनेची परंपरा फार जुनी आहे; फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य होते. १९३७ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाही मुंबईचीच. जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या कॅमेरा क्लबांचे काम आता बहुतेक डिजिटलच चालते, तरी तिथे जाणे वाया जात नाही. अशा क्लबांत साठी-सत्तरीतले एखादे काका भेटतात, त्यांच्या घरी एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठे चित्र काढण्याचे यंत्र), धुण्याच्या टाक्या आणि थर्मामीटर कापडात गुंडाळून ठेवलेले असतात आणि ते वापरायला कोणी विचारत नाही याचीच त्यांना खंत असते. सामान मागण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर बसून धुणे शिकून घ्यावे. सामान बहुधा मागून येतेच.

गोव्यातील गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी ही संस्था पिनहोल कॅमेरा (लेन्सऐवजी बारीक भोक असलेला), सायनोटाइप (निळ्या छपाईची रीत) अशा जुन्या पद्धतींसाठी ओळखली जाते. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जगभर पिनहोल दिवस पाळला जातो. आपल्या गावात मंडळी जमवायची असतील तर या दिवसासारखे निमित्त नाही, कारण पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून केलेल्या कॅमेऱ्याला खर्च जवळपास नसतो आणि शाळेतली मुलेही त्यात रमतात. गुरुग्रामचे म्युझिओ कॅमेरा हे २०१९ मध्ये उघडलेले संग्रहालय दिल्लीकडे जाणे झाले तर अवश्य पाहावे.

ऑनलाइन मंडळींत २००२ पासून चालू असलेले फोट्रिओ हे चर्चेचे संकेतस्थळ तांत्रिक प्रश्नांसाठी उत्तम आहे, फक्त तिथले जाणकार पाश्चात्त्य हवामान गृहीत धरून उत्तरे देतात. आपल्याकडे हे काम व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरच्या शहरवार गटांत, इन्स्टाग्रामवरून ठरणाऱ्या रविवारच्या फेऱ्यांत होते. अशा गटात प्रश्न विचारताना स्कॅन केलेले चित्र पाठवू नये, निगेटिव्हचाच मोबाइलने काढलेला फोटो पाठवावा, कडेच्या अक्षरांसह. स्कॅनयंत्र चुका झाकते आणि नव्या चुका घालते. निगेटिव्ह पाहून जाणकार एका वाक्यात निदान करतो. फिल्म, वापरलेला वेग, डेव्हलपर, त्याचे प्रमाण, तापमान आणि वेळ हेही लिहावे. “फोटो असे का आले?” एवढ्याच प्रश्नाला “कॅमेरा दाखवून घ्या” यापलीकडे उत्तर येत नाही.

गटाचा सर्वांत मोठा उपयोग सामुदायिक खरेदीत आहे. कृष्णधवल फिल्म १०० फुटी, म्हणजे साडेतीस मीटरच्या गुंडाळीतही मिळते आणि तिच्यातून ३६ चित्रांचे सुमारे १८ रोल निघतात. सहा जणांनी मिळून एक गुंडाळी घेतली, रिकाम्या कॅसेट जमवल्या आणि एक बल्क लोडर (गुंडाळीतली फिल्म कॅसेटमध्ये भरण्याचे यंत्र) सामाईक ठेवला, तर प्रत्येकाला तीन रोल बरेच स्वस्तात पडतात. रिकाम्या कॅसेट प्रयोगशाळेकडे मागाव्यात. तिथे त्या रोज कचऱ्यात जातात. कॅसेटमधून बाहेर डोकावणारे मूळ फिल्मचे दोन बोटे टोक कापू नये, नवी फिल्म त्यालाच सेलोटेपने जोडता येते. पैसे आधी गोळा करावेत, हिशेब एकाने ठेवावा आणि भरण्याचे काम दुसऱ्याने करावे. प्रत्येक कॅसेटवर फिल्मचे नाव, खेप आणि भरल्याची तारीख लिहावी. कॅसेटवरचा मूळ डीएक्स संकेत (कॅमेऱ्याला फिल्मचा वेग सांगणारी खूण) तसाच राहिला तर स्वयंचलित कॅमेरा चुकीचा वेग वाचतो, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी.

शेवटी कॅमेरा

इथवरची तयारी झाली असेल तर कॅमेऱ्याची निवड अवघड राहत नाही, कारण गटातले कोणीतरी कोणता कॅमेरा कोणाकडे दुरुस्त होतो ते सांगतेच. नवे कॅमेरेही थोडे येतात. पेंटॅक्सने २०२४ मध्ये आणलेला पेंटॅक्स १७ हा अर्ध्या चौकटीचा असल्यामुळे एका रोलमध्ये ७२ चित्रे देतो. तरी बहुतेकांना जुनाच घ्यावा लागेल, आणि त्यात पूर्ण यांत्रिक शटर असलेला, पेंटॅक्स के१००० किंवा निकॉन एफएम यांसारखा, घ्यावा. विजेवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याचा सर्किट बोर्ड गेला की तो शोभेची वस्तू होतो.

विकत घेताना मागचे झाकण उघडून, उजेडाकडे धरून, प्रत्येक वेगाला शटर सोडून पाहावे. एका सेकंदाचा वेग कानांनी मोजता येतो. तो मध्येच अडखळत असेल तर तेल सुकले आहे आणि साफसफाईचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. झाकणाच्या कडेचा काळा स्पंज बोटाला चिकट लागला तर तो बदलावा लागणार. हे काम किरकोळ आहे आणि त्यासाठी सौदा मोडू नये. लेन्समधून मोबाइलच्या बॅटरीचा उजेड तिरका टाकून कोळिष्टकासारखी बुरशी दिसते का पाहावे, कारण कोकणात आणि मुंबईत हा रोग घरोघरी आहे. घरी आणल्यावर लेन्स कातडी पिशवीत ठेवू नये. ती ओल धरते. सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा पुरतो, आणि दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. उजेडमापक पाऱ्याच्या जुन्या बॅटरीवर चालणारा असेल तर ती बॅटरी आता मिळत नाही. श्रवणयंत्रातली झिंक-एअर बॅटरी तिच्या विद्युतदाबाच्या जवळ जाते.

रोल घातल्यावर झाकण लावावे, रिवाइंडची गुंडी तिच्यावरच्या बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घ्यावी आणि मग तरफ ओढावी. प्रत्येक ओढीबरोबर गुंडी स्वतःहून फिरताना दिसली तर फिल्म पुढे सरकते आहे. ती स्थिर राहिली तर टोक सुटले आहे. झाकण उघडून रोल पुन्हा बसवावा.